मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि संशोधनाची वाट

महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलामुलींना मानसशास्त्र हा विषय का घेतला असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच येते: माणसाचे मन समजून घ्यायचे आहे. हे उत्तर पढवलेले वाटले तरी खोटे नसते. कोणाच्या घरात एखादे न सांगता येणारे दुखणे असते, कोणाला स्वतःच्याच स्वभावाचा उलगडा झालेला नसतो, तर कोणी शाळेत एखाद्या वर्गबंधूचा अकारण छळ होताना पाहिलेला असतो. स्पर्धा परीक्षेत ऐच्छिक विषय म्हणून सोयीचा पडेल एवढ्याच हिशेबाने येणारेही काही असतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पोटाचा प्रश्न हाही प्रश्नच आहे. पण जो मनाचा शोध घ्यायला येतो, त्याची पहिल्याच वर्षी मोठी निराशा होते.

ती निराशा प्रयोगशाळेत होते. टेबलावर एक आरसा उभा केलेला असतो आणि त्यातील प्रतिबिंबाकडे पाहत कागदावरील चांदणी पेन्सिलीने गिरवायची असते. बाणांची टोके जोडलेल्या दोन सारख्याच रेषांपैकी एक लांब का दिसते, हे मोजायचे असते. अर्थहीन अक्षरांच्या जोड्या पाठ करून दुसऱ्या दिवशी त्यांतील किती उरल्या याची नोंद करायची असते. विद्यार्थी कधी प्रयोगकर्ता होतो, तर कधी शेजारच्या मित्रासाठी प्रयुक्त होतो, आणि सायंकाळी जर्नलात आलेख काढतो. त्यानंतर संख्याशास्त्र सुरू होते: मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध. ज्याच्या शोधात तो आला, ते मन या सगळ्यात त्याला कोठेच भेटत नाही. पुष्कळांची वाट येथेच चुकते. ते उरलेली वर्षे परीक्षेपुरते वाचतात आणि पदवी घेऊन निघून जातात.

आपल्याकडे या प्रयोगशाळेला शंभराहून अधिक वर्षे झाली. हार्वर्डमध्ये म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे कलकत्ता विद्यापीठाने १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सोपवला. याच विद्यापीठाने १९२१ साली गिरींद्रशेखर बोस यांना मनोविश्लेषणावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली; ते मूळचे वैद्यकीय व्यवसायातले, म्हणजे रुग्ण आधी आणि ग्रंथ मागून, अशा क्रमाने या शास्त्राकडे आलेले. म्हैसूरचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी लंडनला स्पिअरमन यांच्यापाशी शिक्षण घेऊन तेथे मानसशास्त्राचा विभाग उभा केला. या गोपालस्वामींनीच १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र चालू केले आणि त्याचे नाव ‘आकाशवाणी’ ठेवले. तेच नाव पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने उचलले. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या वाटा किती दूर जातात, याचे हे एक गमतीदार उदाहरण होय.

प्रयोगशाळेतील खरा दोष मात्र आरशात किंवा आकडेमोडीत नाही. दोष असा की जर्नलातल्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. विद्यार्थ्याचा निष्कर्ष त्याहून वेगळा आला तर तो स्वतःला चुकलेला समजतो, आणि पुष्कळदा रात्री खोडरबर घेऊन आकडे पुस्तकाप्रमाणे ‘सुधारतो’. त्याला गुण मिळतात. पण त्या रात्री त्याने जे खोडले, तेच कदाचित त्या वर्षभरातील त्याचे एकमेव संशोधन असते. पुस्तकाशी न जुळणारी नोंद जपून ठेवणे, ती का जुळत नाही हे विचारणे आणि त्या प्रश्नाला कसोटी लावणे, एवढ्यातूनच संशोधनाची वाट फुटते. ती कशी फुटते हे दाखवणारी एक हकीकत बिहारात सुरू होते आणि कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांच्या टेबलापर्यंत पोचते.

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळ यांना प्रचंड भूकंपाने हादरवले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतरच्या दिवसांत लोकांच्या तोंडी ज्या कंड्या फिरत होत्या, त्या जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी पद्धतशीरपणे टिपून ठेवल्या. गंगेचे पाणी त्या क्षणी नाहीसे झाले होते. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भयंकर धक्का बसणार. अमुक तारखेला पाटणा शहर उरणार नाही. अशा त्या कंड्या होत्या. इतरांनी त्या ऐकल्या आणि सोडून दिल्या, किंवा ऐकून दुसऱ्याला सांगितल्या. प्रसादांनी त्या लिहून काढल्या, त्यांचा अभ्यास केला आणि १९३५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ या नियतकालिकात त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्या लेखात एक गोष्ट नोंदलेली होती, पण तिचा उलगडा सहज होण्यासारखा नव्हता. या कंड्यांपैकी पुष्कळशा धीर देणाऱ्या नव्हत्या, तर आणखी मोठे अरिष्ट येणार असे सांगणाऱ्या होत्या. संकटातून नुकताच वाचलेला माणूस मनाला दिलासा देणारी गोष्ट सोडून अधिक भिववणारी गोष्ट का उचलतो?

हा प्रश्न सोळा-सतरा वर्षे तसाच पडून होता. १९५१ च्या अखेरीस अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांच्याकडे, माणसे एकमेकांवर विचारांचा प्रभाव कसा पाडतात याविषयी तोवर झालेल्या संशोधनाचा आढावा घेण्याचे काम आले. ते वाचन करता करता फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी प्रसादांच्या लेखापाशी येऊन अडखळले. त्यांना सुचलेला उलगडा थोडक्यात असा: प्रसादांनी ज्यांच्या कंड्या टिपल्या, त्यांना धक्का जोराचा जाणवला होता, पण आजूबाजूला पडझड दिसलेली नव्हती. मनात भीती मावत नव्हती आणि डोळ्यांना मात्र भीतीचे कारण दिसत नव्हते. या दोन गोष्टींचा मनात मेळ बसेना. अशा वेळी मोठे संकट येऊ घातले आहे ही कंडी माणसाला घाबरवत नाही. आधीच वाटणाऱ्या भीतीला ती कारण पुरवते.

उलगडा सुचणे वेगळे आणि तो खरा ठरणे वेगळे. विद्यार्थ्याने येथे थांबून पाहिले पाहिजे. भीतीला कारण हवे असते म्हणून अशा कंड्या पसरतात, हे खरे असेल, तर ज्यांनी विध्वंस प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला त्यांच्यात त्या पसरता कामा नयेत, कारण त्यांच्या भीतीला कारण समोरच पडलेले असते. याचीही नोंद भारतातच झालेली होती. जून १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठा अनर्थ झाला. तेथील लोकांच्या बोलण्याचा आणि कंड्यांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी करून तो १९५२ साली त्याच नियतकालिकात छापला होता. दार्जिलिंगकरांनी घरे गडप होताना पाहिली होती, आणि त्यांच्यात आणखी अरिष्ट येणार असे सांगणाऱ्या कंड्या आढळल्या नाहीत. १९५७ साली फेस्टिंगर यांनी बोधात्मक विसंवादाचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा या दोन्ही भारतीय अभ्यासांचा त्यांनी उपयोग केला. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन जाणिवा मनात एकत्र नांदू लागल्या की माणूस त्यांपैकी एकीला वळवून घेतो, हे त्या सिद्धान्ताचे सूत्र आहे.

त्या सुमारास फेस्टिंगर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत होते, आणि १९५६ साली एलियट अ‍ॅरन्सन नावाचा एक विद्यार्थी तेथे डॉक्टरेटसाठी आला. त्याचा तोवरचा प्रवास, आपली वाट अजून सापडली नाही म्हणून कष्टी होणाऱ्या कोणाही तरुणाने ऐकावा असा आहे. बॉस्टनजवळच्या रिव्हिअर या गावात त्याचे बालपण गरिबीत गेले. वस्तीत ज्यू कुटुंबे थोडी. हिब्रू शाळेतून परतताना इतर मुले त्याला वाटेत गाठून मारीत. ज्यांची आपली ओळखही नाही ती मुले आपला एवढा द्वेष का करतात, हा प्रश्न त्या लहान मुलाच्या मनात रुतून बसला होता. पण प्रश्न घेऊन कोणी विद्यापीठात प्रवेश घेत नाही. ब्रँडाइस विद्यापीठात तो शिकू लागला तो अर्थशास्त्र, कारण मंदीच्या काळातील घरच्या अनुभवाने त्याला नोकरीची काळजी होती. एके दिवशी एका मैत्रिणीच्या सोबतीने तो सहज मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. अब्राहम मॅस्लो शिकवत होते आणि विषय होता पूर्वग्रह. आपण लहानपणी जे विचारत होतो ते विचारणारे एक सबंध शास्त्र आहे, हे त्याला त्या तासाला कळले आणि त्याने विषय बदलला. पुढे वेस्लियन विद्यापीठात डेव्हिड मॅक्लेलंड यांच्यापाशी एम. ए. करून तो स्टॅनफर्डला आला.

फेस्टिंगर यांचा विद्यार्थ्यांना धाक वाटे. अ‍ॅरन्सनने त्यांच्या सेमिनारसाठी निबंध लिहून दिला, तेव्हा त्यांनी तो कागद कोपऱ्याला चिमटीत धरून, तोंड बाजूला फिरवून त्याच्या हाती परत केला. पुढे अ‍ॅरन्सनने लिहून ठेवले आहे की, त्यांच्या नजरेत तिरस्कार होता आणि कीवही होती. निबंधात तसे वावगे काही नव्हते; वाचलेल्या गोष्टींचा तो एक बरा गोषवारा होता आणि नेमके तेच फेस्टिंगर यांना खपले नव्हते. त्या क्षणी त्या तरुणाने सेमिनार सोडून दिला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. त्याने तो निबंध पुन्हा घरी नेला आणि परका वाचक होऊन वाचला. कोठे विचार अर्धवट सोडला आहे, कोठे दुसऱ्याचे मत तपासल्यावाचून घेतले आहे, हे त्याला दिसू लागले. दोन-तीन दिवस खपून त्याने तो नव्याने लिहिला आणि गुरूंच्या टेबलावर ठेवला. थोड्याच वेळात फेस्टिंगर स्वतः त्याच्या जागेपाशी आले आणि म्हणाले की, आता हा टीका करण्याच्या लायकीचा झाला आहे.

या अभिप्रायात स्तुतीचा एक शब्दही नाही, तरी अ‍ॅरन्सनने तो पुढे आयुष्यभर जपला. आपल्या विद्यापीठांत निबंध बहुधा शेवटच्या पानावरील सहीसह परत येतो. त्यावर टीका होत नाही. मार्गदर्शकाला वेळ नसतो हे खरे असले, तरी तेवढेच कारण नाही. टीका करणे म्हणजे विद्यार्थ्याचा अपमान करणे, आणि विद्यार्थ्याने उलट विचारणे म्हणजे गुरूचा अपमान करणे, अशी दुहेरी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. फेस्टिंगर यांचा उद्धटपणा उचलण्याची गरज नाही; त्यांनी निबंध पुन्हा लगेच वाचला, एवढे उचलले तरी पुष्कळ होईल.

अ‍ॅरन्सनने जडसन मिल्स या सहाध्यायाबरोबर केलेला प्रयोग १९५९ साली प्रसिद्ध झाला. ६३ विद्यार्थिनींना एका चर्चामंडळात घ्यायचे होते. काहींना प्रवेशासाठी, मोठ्याने वाचताना संकोच वाटेल असा मजकूर पुरुष प्रयोगकर्त्यासमोर वाचावा लागला, काहींना सौम्य मजकूर मिळाला, तर काहींना तसाच प्रवेश मिळाला. नंतर ऐकवलेली चर्चा सर्वांना एकच, आणि मुद्दाम कंटाळवाणी होती. ज्यांना प्रवेशासाठी अधिक सोसावे लागले, त्यांना ती अधिक चांगली वाटली. त्याच वर्षी फेस्टिंगर यांच्यासोबत मेरिल कार्लस्मिथ याचे नाव असलेला दुसरा प्रसिद्ध प्रयोग छापून आला. तासभर निरर्थक काम करून ते मजेदार होते असे दुसऱ्याला खोटेच सांगण्यासाठी काहींना एक डॉलर आणि काहींना वीस डॉलर देण्यात आले. एक डॉलर घेणाऱ्यांनाच ते काम नंतर खरोखर बरे वाटू लागले होते. या प्रयोगाच्या वेळी कार्लस्मिथ पदवीचा विद्यार्थी होता. प्रयोगातील आपले बोलणे खरे वाटावे म्हणून नटाप्रमाणे त्याच्याकडून तालमी करून घ्याव्या लागल्या होत्या. संशोधनातील हा हस्तोद्योग पाठ्यपुस्तकात येत नाही. तो शेजारी बसूनच शिकावा लागतो.

येथे एक बोचरा प्रश्न उभा राहतो. कंड्या बिहारच्या, दरडी दार्जिलिंगच्या, त्या टिपणारे दोघेही भारतीय. मग सिद्धान्त तेवढा परदेशात का झाला? बुद्धी कमी होती असे कोणी म्हणणार नाही. टिपलेली नोंद पुढच्या पायरीवर नेण्यासाठी लागणारी सोबत, म्हणजे अडवणारा गुरू, खपणारे विद्यार्थी आणि एकाच प्रश्नावर दहा वर्षे पुरेल असा पैसा, हे सारे एका जागी आपल्याकडे क्वचितच जुळले. दुर्गानंद सिन्हा यांना याची जाणीव असावी. १९६१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली अलाहाबाद विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि परदेशी प्रयोगांच्या नकला पुरे, खेड्यांतील विकास, दारिद्र्य, वंचितपणा हे आपले विषय आहेत, असा आग्रह त्यांनी धरला.

तो आग्रह कालबाह्य झालेला नाही. प्रमुख नियतकालिकांतील मानसशास्त्रीय प्रयोगांत भाग घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोक, जगाच्या लोकसंख्येत अवघा १२ टक्के वाटा असलेल्या देशांतले होते, अशी गणना २००८ साली प्रसिद्ध झाली. २०१५ साली शंभर प्रसिद्ध प्रयोग अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यांपैकी जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत पूर्वीसारखा लक्षणीय निष्कर्ष आला. विसंवादाच्या जुन्या प्रयोगांचीही अशी फेरतपासणी चालू असते. या बातम्यांनी कोणी खट्टू होईल. पण जर्नलातील आकडे रात्री न खोडणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतून दिसणारी गोष्ट वेगळी आहे. करायचे काम संपलेले नाही, आणि त्यातला मोठा भाग त्याच्या दारासमोर आहे.

वाटेचे सरकारी टप्पे थोडक्यात सांगता येतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्याला पीएच. डी.च्या प्रवेशाचा विचार करता येतो, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ठरवले. बाकीच्यांची वाट एम. ए. किंवा एम. एस्सी. वरूनच जाते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती नेट परीक्षेतून मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये झाली. प्रबंधाला तीन ते सहा वर्षे धरली आहेत. रुग्णांवर उपचार करण्याची वाट यापासून वेगळी आहे. तिला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण आणि नोंदणी लागते, आणि हा फरक बी. ए. च्या अखेरच्या वर्षापर्यंत न कळल्यामुळे कित्येकांची दोन-दोन वर्षे वाया जातात. बंगलोरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत दोन्ही वाटा शेजारी शेजारी चालतात. दिल्लीत संरक्षण खात्याची मानसशास्त्रीय संशोधनसंस्था आहे, तिचे काम सैन्यातील निवडीशी आणि जवानांच्या मनःस्थितीशी निगडित असते.

नेटची मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते, म्हणून मराठीतून शिकलेला विद्यार्थी आपली भाषा ही अडचण समजतो. परीक्षेपुरते ते खरेही आहे. परंतु ज्याचा अभ्यास करायचा, तो माणूस मराठी बोलतो. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूप तयार केले आणि १९४० साली त्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. नुसत्या शब्दाला शब्द ठेवून ते काम झाले नसते. आज एखादी विद्यार्थिनी चिंता मोजणारी इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणते, तेव्हा तिच्यापुढे चिंता, काळजी, घोर, धास्ती, हुरहूर असे शब्द रांगेने उभे राहतात. ती सर्वांच्या तोंडचा म्हणून ‘काळजी’ हा शब्द निवडते. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या कोणाकडून ते मराठी वाक्य पुन्हा इंग्रजीत करून घेण्याचा नियम आहे. वाक्य परत येते तेव्हा त्याचा अर्थ झालेला असतो, घरच्यांना जपणे. आणि गावातली एखादी आई, ‘तुम्हांला फार काळजी असते का?’ या प्रश्नाला मोठ्या अभिमानाने ‘हो, मग, नसायला काय झालं?’ असे उत्तर देते. आकड्यांच्या रकान्यात तिची नोंद आजारी म्हणून होते. विद्यार्थिनी तो रकाना खोडत नाही. ती उत्तर शब्दशः वहीत उतरवून घेते, समासात तारीख घालते, आणि त्या आईला आणखी एक प्रश्न विचारते: रात्री झोप लागते ना?